बेल्जियन बिअर आणि इंदूरचा मे महिना: ग्लास कोणता, थंडावा किती

रोशफोर १० ही तेज, गडद बेल्जियन बिअर फ्रिजमधून काढल्या काढल्या स्टीलच्या पेल्यात ओतली, तर जिभेला दोनच गोष्टी कळतात: गारवा आणि अल्कोहोलचा चटका. तीच बाटली थोडी उबू दिली आणि तोंडाशी आत वळलेल्या काचेच्या ग्लासात ओतली, तर आधी खजूर, मग काळी मनुका, मग पाक थोडा जास्त शिजल्यावर येतो तो खरपूस गोडवा येतो. बाटली तीच, बदलला तो थंडावा आणि ग्लास.

बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथे बहुतेक ब्रुअरी आपल्या बिअरसाठी वेगळा ग्लास काढतात. पण त्या बिअरच्या लेबलवरचं तापमान बेल्जियमच्या २० अंशांच्या खोलीसाठी लिहिलेलं असतं. इंदुरात मे महिन्यात दुपारी पंखा लावलेली खोलीही ३५ अंशांवर असते. म्हणून इथे लेबलवरचा आकडा तसाच पाळून भागत नाही. बिअर कुठल्या अंशाला ओतली यापेक्षा ती ग्लासात कुठून कुठवर चढते ते सांभाळायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

थंडाव्याने चव का बदलते

तीन कारणं आहेत.

पहिलं वासाचं. बेल्जियन बिअरची अर्धी चव यीस्टने केलेली असते. पिकल्या केळ्याचा वास आणि लवंगेचा वास, हे दोन्ही यीस्टच्या कामातून येतात, वरून काही घातलेलं नसतं. हे वास हवेत उडाले तरच नाकापर्यंत पोचतात आणि ४ अंशांना ते फारसे उडतच नाहीत.

दुसरं जिभेचं. गोडवा ओळखण्याच्या साखळीतला एक दुवा थंडीत मंद पडतो आणि ऊब मिळाली की जोरात चालतो. हे ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. श्रीखंड फ्रिजमधून काढून लगेच खाल्लं तर कमी गोड लागतं, थोड्या वेळाने जास्त, हा अनुभव घराघरात आहे. बिअरमध्येही तसंच होतं. फार गार केलेली डुबेल (गडद, गोडसर बेल्जियन बिअर) गोडवा हरवते आणि नुसती कडवट, पातळ वाटते.

तिसरं वायूचं. साध्या लागर (आपल्याकडे नेहमी मिळते तशी फिकी) बिअरमध्ये एक लिटरला सुमारे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ड्युव्हलमध्ये किंवा ट्रिपेल (सोनेरी, तेज बेल्जियन बिअर) प्रकारात तो साडेतीन-चार लिटरपर्यंत जातो. द्रव जितका गरम, तितका वायू सुटायला उतावीळ. म्हणून १८ अंशांची ट्रिपेल उघडली की अर्धी बाटली फेसच होते आणि उरलेली बिअर सपक लागते.

कोणती बिअर किती अंशांना

होगार्डनसारखी विटबिअर (गव्हाची, गढूळ बिअर) ४ ते ६ अंशांना. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते आणि त्यांचा वास थंडीतही टिकतो. स्टेलासारखी लागर ३ ते ५. ड्युव्हलसारख्या तेज ब्लाँड (सोनेरी) ६ ते ८, वेस्टमाले ट्रिपेल ८ ते १०. लॅम्बिकपासून (हवेतल्या रानटी यीस्टने आंबलेल्या आंबट बिअरपासून) केलेल्या ग्योझ आणि चेरीची क्रीक यांना ७ ते १०. त्याहून गार केल्या तर नुसतं आंबट उरतं. डुबेल, शिमे रेड या १० ते १२. शिमे ब्लू, रोशफोर ८ आणि १०, आणि ऑर्व्हाल १२ ते १४.

हे आकडे पिण्याचे आहेत, ओतण्याचे नाहीत. आणि खरी गफलत तिथेच होते.

ग्लासच बिअर तापवतो

सुमारे ३०० ग्रॅमचा काचेचा ग्लास कपाटात ३५ अंशांवर पडून आहे. त्यात ६ अंशांची ३३० मिली बिअर ओतली. काच आणि बिअर एका तापमानाला आल्या की बिअर साडेदहा अंशांच्या आसपास पोचते. एक घोटही न घेता साडेचार अंश गेले. ग्लास ४०० ग्रॅमचा असेल तर जवळजवळ सहा अंश. जाड काच बिअर गार ठेवते असं म्हणतात, ते काच आधी गार केलेली असेल तरच खरं. होगार्डनचा षटकोनी जाड ग्लास मुद्दाम तसा आहे, पण इंदूरच्या उन्हाळ्यात तो कपाटातून काढून थेट वापरला तर तोच बिअर तापवतो.

त्यानंतर हवा. ३२ अंशांच्या खोलीत उघड्या ग्लासातली १० अंशांची बिअर वीस मिनिटांत आणखी पाच-सहा अंश चढते. तेज बेल्जियन बिअर सावकाश, अर्ध्या तासात प्यायची असते. म्हणजे ओतताना १० असलेली रोशफोर शेवटच्या घोटाला १८ ला पोचते आणि तिथे अल्कोहोल नाकात जातं.

म्हणून उन्हाळ्यात हिशोब उलटा करा. जे तापमान हवं त्याच्या तीन-चार अंश खाली ओता आणि ग्लास आधी गार करा. रोशफोरला ८ ला सुरुवात करा, मधले घोट १२-१३ ला मिळतील. हिवाळ्यात, खोली १८-२० वर असताना, लेबल म्हणतं ते जसंच्या तसं पाळा.

ग्लास गार करायला फ्रिजचा खालचा कप्पा, अर्धा तास. फ्रीझरमध्ये ठेवू नका. तिथे काचेवर हिम धरतं, बिअर त्याला लागली की फेसाचा लोट उठतो, हिम वितळून बिअरमध्ये पाणी जातं आणि फ्रीझरमधला मटार-मासळीचा वासही येतो. फ्रिजमध्ये जागाच नसेल तर माठाच्या पाण्याने ग्लास तीन-चारदा खळबळून घ्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नको, दुपारी ते नळातून कढतच येतं.

माठावरून एक युक्ती बऱ्याच जणांना सुचते: बाटलीला ओला पंचा गुंडाळायचा. मे महिन्यात इंदूरची हवा कोरडी असते, म्हणून ओलं कापड छान गार होतं, पण साधारण २२ ते २५ अंशांच्या खाली जात नाही. बाटली ३६ अंशांवर असेल तर फायदा आहे. ती आधीच ८ अंशांवर असेल तर ओला पंचा तिला उलट ऊब देतो. गार बाटलीला कोरडा, जाड टॉवेल गुंडाळा. पावसाळ्यात ओलं कापड कशालाच उपयोगाचं नाही, हवेतच पाणी भरलेलं असतं.

फ्रिज, बर्फ आणि घड्याळ

स्वयंपाकात वापरतात तो सळईचा डिजिटल थर्मामीटर असू द्या. घरच्या फ्रिजचा मधला कप्पा बहुधा ४ अंशांच्या जवळ असतो, दारातला त्याहून गरम आणि सारखा वरखाली होणारा. बाटली दारात ठेवू नका. दरवेळी दार उघडलं की ती हलते आणि तळाचा गाळ वर येतो.

४ अंशांची ३३० मिलीची बाटली १२ ला यायला लागणारा वेळ खोलीवर ठरतो: ३५ अंशांच्या खोलीत वीस मिनिटं, २५ अंशांच्या खोलीत अर्धा तास, १८ अंशांच्या खोलीत पन्नास मिनिटं. पावसाळ्यात यातली पाच मिनिटं कमी धरा, कारण बाटलीवर दव साचतं तेव्हा तेही उष्णता आत सोडतं. हे अंदाज आहेत. पहिल्या एक-दोन बाटल्यांना थर्मामीटरने तपासून पाहिलं की आपल्या घराचा आकडा पक्का होतो.

घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, बाटली मानेपर्यंत बुडालेली. १५ ते २० मिनिटांत ३५ वरून ८ च्या जवळ येते. नुसत्या बर्फात ठेवली तर काचेला मोजक्या ठिकाणीच बर्फ टेकतो, मध्ये हवा राहते, आणि दुप्पट वेळ जातो. पाणी हवंच. फ्रीझर मात्र टाळा: विसरलात तर बिअर गोठते, फुगते, बाटली फुटते. फुटली नाही तरी आतली प्रथिनं विस्कटतात आणि बिअर गढूळ होते.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र १० अंशांच्या आसपास येते. तेव्हा बाटली संध्याकाळी सावलीच्या बाजूला गच्चीवर ठेवा. जेवायच्या वेळेपर्यंत ती रोशफोर-ऑर्व्हालला हवी तशी झालेली असते, फ्रिज लागतच नाही. डुबेल आणि तिच्याहून दाट बिअर इथे हिवाळ्यातच प्यावी असं आमचं ठाम मत आहे. उन्हाळा विटबिअरचा आणि ड्युव्हलचा.

ग्लासचा आकार काय करतो

ग्लासमध्ये चार जागा पाहायच्या: बूड, पोट, गळा आणि काठ.

ट्युलिप ग्लासचं पोट फुगीर, गळा आत आलेला आणि काठ पुन्हा किंचित बाहेर वळलेला. पोटात बिअर हिंदकळली की वास सुटतो, गळा त्याला कोंडून धरतो, बाहेर वळलेला काठ फेसाला आधार देतो. ड्युव्हलच्या ट्युलिपमध्ये ३३ सेंटिलीटरची अख्खी बाटली बसते आणि वर फेसाला जागा उरते. त्याच्या बुडाशी लेसरने कोरलेली बारीक खूण असते. त्या खरखरीत जागेवरून बुडबुड्यांची दोरी सतत वर चढते आणि फेस ताजा राहतो. एकच ग्लास घ्यायचा असेल तर ४०० ते ५०० मिलीचा, दांडीचा ट्युलिप घ्या.

ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठांत होणाऱ्या बिअरसाठी गॉब्लेट: रुंद तोंडाचा, जाड काठाचा, दांडीवर बसवलेला कटोरा. ऑर्व्हालचा ग्लास आंरी व्हाज या वास्तुशिल्पीने काढला, मठाची नवी इमारतही त्याचीच. रुंद तोंडामुळे वायू लवकर निघून जातो, घोट मोठा आणि मऊ येतो, डुबेलचा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा पुढे येतो. तोटा हा, की उन्हाळ्यात याच रुंद तोंडातून ऊबही भरभर शिरते. म्हणून मे महिन्यात डुबेललासुद्धा ट्युलिपच बरा.

ग्योझ आणि क्रीकला उंच, अरुंद फ्लूट चालतो: पृष्ठभाग लहान, बुडबुडे टिकतात, लाल रंग छान दिसतो. क्वाक या बिअरचा ग्लास लाकडी स्टँडमध्ये उभा असतो, गोल बुडाचा. दिसायला सुंदर, पण शेवटी तिरपा केला की गोल बुडातली बिअर एकदम अंगावर येते. हळूहळू फिरवत रिकामा करावा लागतो.

यातलं काहीच नसेल तर साधा रेड वाइनचा ग्लास ट्युलिपची नव्वद टक्के कामं करतो. ब्रँडीचा ग्लास रोशफोरला उत्तम, फक्त अर्धाच भरायचा. सरबताचा जाड ग्लास विटबिअरला पुरे, गार करून घेतला तर. फालुदाचा ग्लास नको: तोंड बाहेर पसरलेलं, वास थेट हवेत जातो. स्टीलचा पेला तर अजिबात नको: फेस दिसत नाही, गाळ दिसत नाही आणि हाताची ऊब लगेच आत जाते.

दांडी धरायची ती बिअरला हाताची ऊब लागू नये म्हणून. जानेवारीत बिअर फारच गार वाटली तर मुद्दाम ग्लासचं पोट दोन्ही तळव्यांत धरा. पाच मिनिटांत वास मोकळा होतो.

ग्लास धुणं

फेस हा प्रथिनं आणि हॉप्समधला (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधला) कडवट भाग यांनी विणलेला असतो. तेलाचा बारीकसा थेंब ती वीण उसवतो. आणि आपल्या घरात ग्लास धुवायला तोच स्पंज असतो ज्याने सकाळची पोह्यांची कढई घासली. ग्लास चकचकीत दिसतो, पण काचेवर तेलाची साय असते. बिअर ओतली की फेस मिनिटभरात बसतो आणि बिअर शिळी असल्यासारखी वाटते.

वेगळा, नवा स्पंज ठेवा आणि त्यावर 'ग्लास' असं लिहूनच ठेवा, म्हणजे घरात कोणी चुकून वापरणार नाही. भांड्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब पुरतात. मग खूप पाण्याने धुवा, कारण साबणाची सायही फेस मारते. बरेच दिवस साचलेल्या सायीला खाण्याचा सोडा ओल्या बोटाने आतून चोळा. बोरिंगच्या पाण्याने धुतलेल्या ग्लासावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. त्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन दहा मिनिटं भरून ठेवा. शेवटचं खळबळणं नळाला येणाऱ्या नर्मदेच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने. कापडाने पुसू नका, त्याचे तंतू काचेला चिकटतात. जाळीवर उलटा ठेवून निथळू द्या. सपाट लाकडी फळीवर उलटा ठेवला तर आत कोंदट वास भरतो.

ग्लास खरंच स्वच्छ आहे का ते असं पाहा. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथून घसरलं तिथे तेल आहे. बिअर ओतल्यावर बाजूच्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तीही मळाचीच खूण. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची नक्षी काचेवर कडी-कडीने उरते.

सेव खाऊन लगेच घोट घेतला तरी फेस बसतो, ओठांवरचं तेल पुरतं. इंदुरात सेव सोडा म्हणणं शक्य नाही. रुमालाने ओठ पुसा, बस्स. लिपस्टिकलाही तेच लागू.

ओतणं

वेस्टमाले ट्रिपेल किंवा ड्युव्हल समोर आहे असं धरा. बाटली आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी. आडवी ठेवलेली असेल तर तळाशी बसलेलं यीस्ट ढवळलं जातं. ग्लास गार आणि आतून ओला. ओल्या काचेवर बिअर घसरते, आपटत नाही.

झाकण सावकाश काढा. फेस वर आला तर बाटली तशीच उभी धरा, वाकवू नका. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून पोटाच्या वरच्या बाजूवर बारीक धार सोडा. बाटलीची मान ग्लासाला किंवा फेसाला टेकू देऊ नका. ग्लास निम्मा भरला की हळूहळू सरळ करा आणि आता धार मध्यभागी, थोड्या उंचीवरून. फेस चढायला लागतो: आधी मोठे बुडबुडे, मग दाट साय. काठाशी आला की थांबा, अर्धा मिनिट जाऊ द्या, साय घट्ट होते. उरलेली बिअर तिच्या मधोमध ओता. तीन-चार बोटं फेस हवा. तो कमी ठेवायला जाऊ नका. वायू ग्लासातच बाहेर पडला नाही तर आपल्या पोटात फुगतो.

बाटली परत उभी करू नका, सगळी बिअर एकाच सलग ओतण्यात संपवा. मध्ये थांबलात तरी बाटली तिरकीच धरा. उभी केली की गाळ परत बिअरमध्ये मिसळतो. शेवटचा एक सेंटिमीटर बाटलीतच ठेवा. यीस्टची चव पावासारखी, किंचित कडू असते. आवडत असेल तर तो शेवटचा भाग छोट्या ग्लासात वेगळा घ्या. विटबिअरला नियम उलटा: दोन-तृतीयांश ओता, बाटली गोल फिरवा, गाळासकट उरलेली ओता. तिचा दुधी गढूळपणा तसाच हवा.

सगळी बिअर फेस होऊन बाहेर येत असेल तर कारण बहुधा यातलं एक: बाटली गरम होती, प्रवासात हलून आली होती, किंवा ग्लास कोरडा आणि गरम होता. प्रवासातून आलेली बाटली उभी करून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय उघडू नका.

बाटली विकत घेताना

चाळीस अंशांत महिनाभर पडलेली बिअर थंड खोलीत कित्येक महिने पडलेल्या बिअरइतकी जुनी होते. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि कुठलाच ग्लास ते झाकू शकत नाही. दुकानात शोकेसच्या उन्हातली बाटली घेऊ नका, मागची किंवा फ्रिजमधली मागा. हिरव्या काचेच्या बाटलीवर ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडत राहिला तर हॉप्समधला पदार्थ बिघडून घाणेरडा, प्राण्यासारखा वास येतो. बाटलीवरची तारीख पाहा.

वेस्टमाले ट्रिपेल ९.५ टक्क्यांची आहे. तिच्या एका छोट्या बाटलीत जवळपास तेवढंच अल्कोहोल असतं जेवढं आपल्याकडच्या ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत. रोशफोर १० तर ११.३ टक्क्यांची. दोघांत एक बाटली पुरे, आणि त्या रात्री गाडी चालवायची नाही. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालच्यांना दारू विकत मिळत नाही. वडोदऱ्याच्या नातेवाइकांना भेट म्हणून बाटली नेऊ नका, गुजरातेत दारूबंदी आहे.

स्वतः पडताळून पाहा

एक डुबेल, दोन माणसं, दोन ग्लास: एक स्टीलचा पेला, एक वाइनचा ग्लास. दोन्हींत निम्मी-निम्मी ओता, ५ अंशांना. पहिला घोट, मग थर्मामीटर ९ वर आला की दुसरा, १३ वर तिसरा. वाइनच्या ग्लासात ५ ला कडवटपणा, ९ ला चिक्कू आणि भाजलेला पाव, १३ ला मनुका आणि मागून हलकी लवंग. पेल्यात वासातला हा फरक बराच कमी जाणवेल. पेल्यावर तोंड नेऊन हुंगा, मग ग्लासावर. दोन्ही ग्लास लगेच पाण्याने खळबळून ठेवा, वाळलेला फेस दुसऱ्या दिवशी सोड्यानेच निघतो.